कलेचा वीट येतो तेव्हा

आपल्या या सदरात एरवी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मुलांच्या कॉलेजसाठीची बचत, मृत्युपत्र असे विषय येतात. आजचा विषय वाचून काही वाचकांना वाटेल की हा लेख सांस्कृतिक विभागात जायचा तो चुकून इकडे आला. तसे नाही. कलेचा वीट येणे ही गोष्ट झोपेशी, मनाच्या आरोग्याशी आणि शेवटी खिशाशीही येऊन भिडते. म्हणून आरोग्य आणि अर्थ या दोन्ही खात्यांत ती बसते.

आपल्या मंडळात इंजिनिअर, डॉक्टर, हिशेबनीस भरपूर आहेत आणि कलावंतही भरपूर आहेत. गंमत अशी की ती एकच माणसे आहेत. सोमवार ते शुक्रवार कोड लिहिणारा शनिवारी एकांकिका बसवतो. फार्मसीत आठ तास उभी राहणारी एखादी ताई रविवारी सकाळी घराच्या बेसमेंटमध्ये बारा मुलांना गाणे शिकवते. कोणी रांगोळ्या काढतो, कोणी ढोलताशा पथक चालवतो, कोणी दिवाळी अंकासाठी कथा लिहितो. गणेशोत्सव पार पडतो, दिवाळीचा कार्यक्रम होतो आणि पुढच्या वर्षी यादीतून एखादे नाव गळालेले असते. विचारावे तर उत्तर ठरलेले, "यंदा वेळच नाही हो." पुष्कळदा ते खरे असते. पण काही जणांकडे वेळ असतो, घरात पेटीही असते, फक्त पेटीवरचे कापड बाजूला करायला हात पुढे होत नाही. हा लेख त्या मंडळींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नव्हे. प्रोग्रॅममधले दोष शोधणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आणि मंडळाच्या नाटकांत काम करणे ही हौस. धंद्याने एक सवय लावली आहे. दोष जिथे दिसतो तिथेच तो असेल असे धरून चालायचे नाही, आणि मूळ सापडण्याआधी कशालाही हात लावायचा नाही. या विषयावर जे वाचले, ते त्याच दृष्टीने वाचले.

शब्द आला कुठून

'बर्नआउट' हा शब्द हल्ली कोणीही कशालाही लावतो. त्याचा उगम मात्र आपल्या कामाचा आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ मूळचे जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे. नाझी राजवटीतून सुटून ते लहानपणी अमेरिकेत आले, म्हणजे तेही आपल्यासारखे बाहेरून आलेलेच. न्यूयॉर्कमध्ये दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करायची आणि संध्याकाळी गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात जायचे, असा त्यांचा क्रम होता. तिथे त्यांना दिसले की मोठ्या उत्साहाने येणारे स्वयंसेवक काही काळाने बदलून जातात. सर्दी हटत नाही, डोके दुखते, पोट बिघडते, झोप लागत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून राग येतो आणि ज्या कामासाठी आलो त्या कामावरचाच विश्वास उडतो. १९७४ साली त्यांनी याविषयी लेख लिहिला आणि हा शब्द शास्त्रात आला.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही माणसे पगारी नव्हती. नोकरी-धंदा सांभाळून, हौसेने, विनामूल्य काम करणारी होती. आणि त्यातही जी सर्वांत जास्त झोकून देत होती, तीच आधी गळाली. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीतल्या कोणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल!

पुढे बर्कले येथील प्राध्यापिका क्रिस्टिना मॅसलॅक यांनी सुसान जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे तीन भाग आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणातही तीच तीन लक्षणे दिली आहेत. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. हा रोग नव्हे, कामाच्या संदर्भात उद्भवणारी अवस्था आहे, असेही संघटनेने स्पष्ट म्हटले आहे. तिची व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती आहे हे खरे. पण ज्या हौसेला तारखा, तालमी, विद्यार्थी आणि तिकिटे चिकटली, ती अर्धी नोकरीच झाली, असे मी धरून चालतो.

कलावंतात ती कशी दिसते

पहिले लक्षण थकवा. पण हा साधा थकवा नव्हे. तालमीनंतर शीण येणे स्वाभाविक आहे. शनिवारच्या तालमीचा शीण गुरुवारीच यायला लागला, की समजावे काहीतरी वेगळे चालले आहे. तालीम रद्द झाल्याचा निरोप आला आणि मनापासून बरे वाटले, असे एकदा झाले तर ठीक, लागोपाठ चारदा झाले तर नाही.

दुसरे लक्षण जास्त फसवे आहे, कारण ते चोखंदळपणासारखे दिसते. "इथे कोणाला कळते आहे? समोसे संपले की निम्मे लोक पार्किंगमध्ये." अशी वाक्ये वाढू लागतात. विद्यार्थ्याच्या चुकलेल्या स्वराचे पूर्वी हसू यायचे, आता तिडीक येते. दुसऱ्याचे गाणे ऐकताना फक्त चुका ऐकू येतात. माझ्या मते सर्वांत खात्रीची खूण यापुढची आहे. माणूस दुसऱ्यांची कला घेणेच थांबवतो. गायक गाडीत बातम्या लावतो, लेखकाने वर्षभरात एक कादंबरी वाचलेली नसते. हातून काही घडत नाही हे इतरांना दिसते, पण आत काही जात नाही हे फक्त ज्याचे त्यालाच माहीत असते.

तिसरे लक्षण म्हणजे काम चालू असते, टाळ्याही पडतात, पण आपण काही केले असे वाटत नाही. तीच रांगोळी रंग बदलून काढली जाते. तीच भैरवी, तोच विनोद, त्याच जागी तोच हशा. लोक "छान झाले" म्हणतात आणि ते खोटे वाटते.

आता धंद्यातली ती सवय वापरू आणि आधी यासारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गोष्टी बाजूला काढू. नुसता दमलेला माणूस दोन शनिवार-रविवार नीट झोपला की हुशार होतो. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. ती वर्षभर पाचवर आली असेल, तर प्रतिभेची चिंता करण्याआधी उशीकडे पाहावे. दुसरी गोष्ट अडणे. एखादी कथा पुढे सरकत नाही, पण दुसऱ्या कल्पना सुचत आहेत, हात शिवशिवत आहेत, तर तो वीट नव्हे. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्येच लिहून ठेवले की निर्मितीत तयारीनंतर एक उबवणीचा काळ असतो. त्यात वरवर काहीच घडत नाही. अंडे उबते आहे म्हणून कोंबडीला कोणी आळशी म्हणत नाही.

तिसरी गोष्ट शरीर. आपल्या घरांत ही सर्रास नजरेआड होते. थायरॉइड मंदावणे, रक्तातले लोह कमी होणे, ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी पडणे, या सगळ्यांनी उमेद जाते आणि थकवा येतो. शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असण्याचा संभव जास्त. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेत असाल तर तो आणखी वाढतो. एका साध्या रक्ततपासणीत हे कळते. गायकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. आवाज बसला आणि चार आठवड्यांत सुटला नाही, तर हळद-दुधाचे प्रयोग थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू पाहून घ्यावेत.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नैराश्य. फरक ढोबळमानाने असा की कलेचा वीट आलेल्या माणसाला नातवाशी खेळताना, मित्राकडे जेवताना, बागेत खुरपणी करताना बरे वाटते. नैराश्यात सगळ्याचाच रंग जातो. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास आहे, कशातच रस नाही, भूक आणि झोप बिघडली आहे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते आहे, तर ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगावे. त्यांच्याकडे नऊ प्रश्नांचा एक छोटा फॉर्म असतो, तो भरायला पाच मिनिटे लागतात. जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. अमेरिकेत २०२२ च्या जुलैपासून ९८८ हा क्रमांक आहे, दिवसरात्र कधीही फोन करता येतो. "कलावंत म्हटला की लहरी असायचाच" या आपल्या लाडक्या समजुतीमुळे घरच्यांचे याकडे दुर्लक्ष होते, म्हणून हे विशेष सांगितले. शिवाय या दोन अवस्था एकत्रही असू शकतात, हे विसरू नये.

रॅखमॅनिनॉफची दोन मौने

रशियन संगीतकार सर्गेई रॅखमॅनिनॉफ याची गोष्ट इथे सविस्तर सांगतो, कारण तिच्यात एकाच माणसाचे दोन वेगवेगळे अडथळे पाहायला मिळतात.

१८९७ च्या मार्चमध्ये त्याची पहिली सिंफनी सेंट पीटर्सबर्गमध्ये वाजवली गेली, तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. प्रयोग सपशेल पडला. टीकाकारांनी सालटी काढली. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे त्याला म्हणावे तसे काही रचताच आले नाही. या काळात त्याने मॉस्कोतल्या एका खासगी ऑपेरा कंपनीत संचालक म्हणून नोकरी धरली, म्हणजे संगीत सुटले नव्हते, निर्मिती सुटली होती. १९०० साली तो डॉ. निकोलाय डाल यांच्याकडे जाऊ लागला. डाल संमोहनाने उपचार करीत आणि स्वतः हौशी वादक होते. काही महिने या भेटी चालल्या. १९०१ मध्ये त्याचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो पूर्ण झाला आणि तो त्याने डाल यांनाच अर्पण केला. आज जगभर जे पियानो कॉन्चेर्टो वारंवार वाजवले जातात त्यांत हा एक आहे.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात. आपल्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. क्रांतीनंतर, १९१७ च्या अखेरीस त्याने कुटुंबासह रशिया सोडला आणि १९१८ मध्ये तो अमेरिकेत आला. घर, जमीन, मालमत्ता सगळे मागे राहिले. संसार चालवण्यासाठी त्याने पियानोवादनाचे दौरे सुरू केले. दर हंगामात गावोगावी डझनावारी कार्यक्रम. पैसा मिळाला, कीर्ती मिळाली. आणि नवे लिहिणे जवळजवळ थांबले. पुढचे मोठे काम, चौथा पियानो कॉन्चेर्टो, पूर्ण व्हायला १९२६ उजाडले. १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या परदेशातल्या पंचवीस वर्षांत त्याच्या मोठ्या रचना भरल्या फक्त सहा.

या वेळी कोणी टीका केली नव्हती, सभागृहे भरत होती. पहिल्या वेळी आत्मविश्वास गेला होता, तो डॉक्टरांनी परत आणला. दुसऱ्या वेळी वेळ आणि माती, दोन्ही गेली होती. त्याला संमोहन पुरले नसते. १९३० च्या सुमारास त्याने स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न सरोवराकाठी जागा घेऊन घर बांधले, तिथे तो उन्हाळ्यात राहू लागला आणि १९३४ मध्ये पॅगॅनिनीच्या धूनवरची त्याची प्रसिद्ध रॅप्सडी तिथेच लिहिली गेली. लक्षण तेच, पण कारण वेगळे आणि म्हणून उपायही वेगळा. सरसकट "थोडी विश्रांती घ्या" सांगणाऱ्यांचे इथेच चुकते.

मूळ कुठे शोधावे

मॅसलॅक आणि त्यांचे सहकारी मायकल लायटर यांनी १९९७ च्या पुस्तकात सहा जागा सांगितल्या आहेत, जिथे माणूस आणि त्याचे काम यांचे जुळेनासे होते. कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला, सोबत, न्याय आणि मूल्ये. आपण भाराकडेच बघतो, कारण तो दिसतो. मंडळांतल्या कलावंतांच्या बाबतीत इतर जागाच जास्त बोलक्या आहेत, असे माझे निरीक्षण आहे.

ताबा घ्या. समजा, एखाद्याला प्रायोगिक एकांकिका करायची आहे आणि समितीला विनोदी हवी आहे, "लोक आठवडाभर दमून येतात हो!" सलग सहा वर्षे त्याने विनोदी बसवली. काम भरपूर, कौतुक भरपूर, पण स्वतःचे काहीच नाही. त्याला सुट्टी देऊन उपयोग नाही, त्याला एकदा हवे ते नाटक पन्नास प्रेक्षकांसमोर करू द्यायला हवे. न्यायाचेही तसेच. ध्वनियोजना करणारा, पडदा ओढणारा, रात्री एक वाजता हॉल झाडणारा माणूस स्टेजवर बोलावला जात नाही. पाहुणा कलाकार आला की मानधन, विमानाचे तिकीट आणि शाल. घरच्या कलाकाराने पेट्रोल स्वतःचे घालायचे आणि वर तिकीटही काढायचे. कोणी बोलून दाखवत नाही, पण मनात ते साचत जाते.

सोबतीविषयी कमी बोलले जाते. पुण्यात, डोंबिवलीत, दादरला वाढलेल्या गायकाला गुरुभाऊ असतात, नाटकवाल्याला कट्टा असतो. तिथे "काल काही जमले नाही रे" असे म्हणता येते. इथे गाणे शिकवणारी बाई अनेकदा वीस मैलांच्या परिसरातली एकटीच असते. तिला विद्यार्थी असतात, श्रोते असतात, पालकांचे फोन असतात, पण बरोबरीचे कोणी नसते.

मोबदल्याबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढायला आवडणारी मुले निवडली. काही मुलांना आधीच सांगितले, चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर ज्यांना आधी कबूल केले होते ती मुले चित्रे काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. बक्षीस वाईट नाही, 'बक्षिसासाठी' हे घातक. ज्या घरांत तबला, भरतनाट्यम आणि व्हायोलिन हे कॉलेजच्या अर्जातल्या रकान्यासाठी चालले आहे, त्यांनी हा प्रयोग दोनदा वाचावा. अर्ज पोस्ट झाल्यावर तबल्याला पुन्हा हात न लावणारी मुले आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

हौसेला मोल असते

हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. हिशेब मांडला तर ते दिसते. समजा, एक बाई बारा मुलांना प्रत्येकी पाऊण तास शिकवतात, फी २५ डॉलर. आठवड्याला ३०० डॉलर आणि नऊ तास. त्यांनी फी ३० केली आणि दोन मुले गळाली, तरी दहा मुलांचे ३०० डॉलरच होतात आणि तास होतात साडेसात. वाचलेला दीड तास स्वतःच्या रियाजाचा. "ओळखीच्यांकडून जास्त कसे घ्यायचे" हा संकोच मला समजतो. पण वर्षानुवर्षे कमी फी घेऊन मनातल्या मनात चिडणे हे विद्यार्थ्यांनाही महागच पडते.

शिकवणीचे पैसे घेणाऱ्यांनी कराचेही पाहावे. मार्च-एप्रिलमधला धसका हाही विटाचा एक हप्ताच असतो. वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलर किंवा जास्त असेल तर नेहमीच्या आयकराशिवाय सुमारे १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो. म्हणून प्रत्येक फीतला काही भाग वेगळ्या खात्यात टाकत जावे. आय.आर.एस.च्या दृष्टीने हौस आणि धंदा वेगळे आहेत. पाचपैकी तीन वर्षे नफा झाला तर तो धंदा असे सर्वसाधारणपणे धरले जाते. नुसती हौस ठरली तर उत्पन्नावर कर लागतोच, पण २०१८ पासून खर्च वजा करता येत नाही. नेमके आपल्या सी.पी.ए.ला विचारावे. एच-१बी व्हिसावर असणाऱ्यांना, आणि एच-४ वर कामाचा परवाना नसणाऱ्यांना, अशी कमाई अडचणीत आणू शकते. पहिली फी घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावे.

आणि एक कळकळीची सूचना. वीट ऐन भरात असताना नोकरी सोडून "पूर्णवेळ कलेला वाहून घेण्याचा" निर्णय करू नये. बऱ्याचदा शिणलेली असते कला आणि राग निघतो नोकरीवर, किंवा उलट. नोकरी सुटली तर एच-१बी वाल्यांना जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत असते. इतरांना कोब्राखाली पूर्वीचा आरोग्यविमा साधारण अठरा महिने ठेवता येतो, पण संपूर्ण हप्ता वर दोन टक्के आपल्या खिशातून. ते आकडे पाहूनच छाती दडपते. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाच्या काही मोफत भेटी असतात, त्या कोणी वापरत नाही. डॉक्टरांनी नैराश्यासारखे निदान केले असेल तर पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत वर्षभर काम केलेल्यांना सहसा बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी, पण नोकरी शाबूत ठेवणारी रजा मिळू शकते. नुसत्या 'बर्नआउट' या शब्दावर ती मिळत नाही.

पुन्हा सुरुवात

एक आठवडा वही जवळ ठेवून दोन रकाने करावेत. एकात कला, दुसऱ्यात कलेभोवतीचे काम. गाणे पहिल्या रकान्यात. हॉलचे बुकिंग, वेशभूषेची ऑर्डर, व्हॉट्सअॅपवरची साठ उत्तरे, पालकांच्या तक्रारी दुसऱ्यात. बहुतेकांचा दुसरा रकाना पानभर होतो आणि पहिल्यात तीन ओळी असतात. मग कळते की वीट गाण्याचा आलेला नाही. सोडायचे असेल तर आधी दुसऱ्या रकान्यातले सोडावे. आपण मात्र नेमके उलट करतो. कबूल केले म्हणून हॉलचे बुकिंग करत राहतो आणि वेळ नाही म्हणून रियाज सोडतो.

त्यानंतर आत काहीतरी जाऊ द्यावे. कार्यक्रमासाठी नव्हे, चाल बसवण्यासाठी नव्हे, नुसते ऐकावे, पाहावे, वाचावे. आपल्या कलेपेक्षा वेगळे असले तर उत्तमच. कम्युनिटी कॉलेजात मातीकामाचा वर्ग असतो, तिथे गाणाऱ्याने जाऊन वेडीवाकडी भांडी करावीत. नवशिके असण्यात जी मोकळीक असते ती उस्तादाला कधीच मिळत नाही.

मग छोटे काम सुरू करावे. घड्याळ लावून पंधरा मिनिटे, कोणाला दाखवायचे नाही, फोनवर रेकॉर्ड करायचे नाही, पटले नाही तर फाडून टाकायचे. जूलिया कॅमेरॉन यांचे १९९२ चे एक प्रसिद्ध पुस्तक रोज सकाळी तीन पाने मनात येईल ते लिहायला सांगते. त्या पुस्तकातला आध्यात्मिक सूर सगळ्यांना रुचेलच असे नाही, मला फारसा रुचला नाही. पण कोणीही वाचणार नाही असे काहीतरी रोज करणे, ही त्यातली युक्ती नामी आहे. फरक आठवड्याभरात पडत नाही, काही महिने लागू शकतात.

सक्तीने मिळालेल्या विरामाचे आपल्याकडचे मोठे उदाहरण म्हणजे कुमार गंधर्व. त्यांना कलेचा वीट आला नव्हता, क्षय झाला होता, हा फरक आधीच स्पष्ट करतो. कोवळ्या वयात नावारूपाला आलेला हा गायक १९४८ च्या सुरुवातीला हवापालटासाठी देवासला गेला आणि पुढली पाच-सहा वर्षे त्यांचे गाणे जवळजवळ बंदच राहिले. एक फुप्फुस कायमचे अधू झाले. पण या काळात त्यांनी माळव्यातल्या बायकांची, फिरत्या गायकांची लोकगीते ऐकली, मनन केले. उठल्यावर ते गायले ते पूर्वीचे गाणे नव्हते. लोकधुनांतून काढलेले राग आणि स्वतःच्या बंदिशी १९६५ च्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात आल्या. गाता येत नव्हते तेव्हा ते ऐकत होते, एवढेच आपल्या कामाचे. शेतकरी जमीन पडीक ठेवतो तेव्हा ती निकामी झाली असे कोणी समजत नाही. न्यूयॉर्कचे नावाजलेले ग्राफिक डिझायनर स्टीफन सॅगमायस्टर तर दर सात वर्षांनी वर्षभर आपला स्टुडिओ बंद ठेवत आले आहेत. आपल्याला वर्ष परवडणार नाही, पण एक गणेशोत्सव परवडावा.

घरच्यांनी "अगं, तू इतकी छान गायचीस, सोडलेस का?" असे चारचौघांत विचारू नये. त्यापेक्षा रविवारी सकाळी मुलांना बाहेर घेऊन जावे आणि दोन तास घर रिकामे करून द्यावे, पेटीचा विषयही न काढता.

मंडळालाही एक विनंती आहे. दर वर्षी कार्यक्रमासाठी इच्छुकांचा जो फॉर्म येतो, त्यात गायन, नाट्य, नृत्य, नेपथ्य अशा चौकटी असतात. त्यांच्याखाली आणखी एक चौकट छापावी: 'यंदा फक्त प्रेक्षक'. जे ती भरतील त्यांची नावे यादीत राहू द्यावीत, त्यांना फोन करून आग्रह करू नये, आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना पुढच्या रांगेत बसवावे.